विजेवर भरावयाच्या मोटारीची बॅटरी : भरणा व निगा

गेल्या चार-पांच वर्षांत आमच्या सभासदांपैकीं बऱ्याच जणांच्या दारांत विजेवर चालणारी दुचाकी आली, आणि कांहीं थोड्यांच्या दारांत मोटारही आली. किल्ली देतांना विक्रेता गिऱ्हाइकास हार घालतो, पेढा देतो, आणि एक जाडें माहितीपुस्तक हातीं ठेवितो. तें पुस्तक इंग्रजींत असतें व गाडीच्या खणांतच पडून राहतें. पुढें जें शिकावयाचें तें चुका करून शिकावें लागतें. अशी एक चूक आमच्या घरीं घडली. तिचा शेवट बरा झाला म्हणूनच हा लेख लिहितां येत आहे.

प्रथम मोटारींच्या जातींविषयीं थोडें. एका जातीची मोटार पेट्रोलवरच चालते. तिच्यांतील लहानशी बॅटरी गाडी उतारावर असतां व ब्रेक लागतांना आपोआप भरते. हिला घरच्या विजेची गरज नाहीं. हिला हायब्रिड म्हणतात. दुसरी निव्वळ विजेची. या दोहोंच्या मधली ती प्लग-इन हायब्रिड. तिच्यांत पेट्रोलचें एंजिनही असतें व घरच्या विजेवर भरावयाची मध्यम आकाराची बॅटरीही असते. चीन देशांत बीवायडी कंपनीनें डिसेंबर २००८ मध्यें अशी मोटार विक्रीस काढली, व अमेरिकेंत शेव्हर्ले कंपनीची व्होल्ट २०१० च्या अखेरीस निघाली. आपल्याकडे हा मधला प्रकार अद्याप थोडा व फार महाग आहे. तथापि भिंतींतून वीज घ्यावयाची, लिथियमच्या बॅटरींत सांठवावयाची व ती बॅटरी पुष्कळ वर्षें टिकवावयाची, ही गोष्ट दोहोंत एकच असल्यामुळें पुढील विवेचन दोहोंस लागू आहे. जेथें फरक आहे तेथें तो सांगूं.

आतां आमच्या घरची हकीकत. २०२३ सालीं आमच्या पुतण्यानें विजेची मोटार घेतली. घराच्या ओसरीवर जागा नाहीं म्हणून ती गोठ्याच्या पडवींत उभी करावयाची ठरलें, व गांवच्या वायरमनाकडून गोठ्याच्या भिंतींत पंधरा अँपियरचें सॉकेट बसवून घेतलें. गोठ्यांत पूर्वींपासून एक दिवा व एक कडबा कापण्याचें यंत्र यांपुरती ॲल्युमिनियमची जुनी तार होती. तीच पुढें ओढली. सात-आठ महिने कांहीं झालें नाहीं. चैत्रांतील एका रात्रीं वैरण टाकण्यास आम्ही उठलों तों जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. प्लग हातीं घेववेना इतका तापला होता. सॉकेटाचें तोंड वितळून तपकिरी झालें होतें, आणि त्याच्यापासून दोन हातांवर कडब्याची गंजी होती. मुख्य बटण पाडलें व प्रकरण तेथेंच थांबलें. फ्यूज मात्र शाबूतच होता, व याचेंच आम्हांस त्या रात्रीं मोठें नवल वाटलें.

नवल वाटावयाचें कारण नव्हतें हें पुढें हिशेब मांडल्यावर कळलें. पंधरा अँपियर व दोनशें तीस व्होल्ट यांचा गुणाकार ३,४५० वॅट होतो. म्हणजे मोटार भरणें हें जवळ जवळ पांच अश्वशक्तीचा पंप चालविण्याएवढें काम आहे. इस्त्री हजार वॅटांची असली तरी ती घटका अर्ध घटका लागते व मध्यें मध्यें आपोआप बंद होते. मोटार मात्र सात-आठ तास एकसारखी ओढीत असते. अशा वेळीं सॉकेटांतील एखादा स्क्रू ढिला होऊन त्या सांध्याचा विरोध केवळ एक दशांश ओहम वाढला तरी त्या एका ठिकाणीं साडेबावीस वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्त करणाराची डाख देण्याची सळई सुमारें पंचवीस वॅटांची असते. तशी सळई रात्रभर प्लॅस्टिकच्या पेटींत खोंचून ठेवावी तसाच हा प्रकार. आणि फ्यूज किंवा एमसीबी पाहतो तो तारेंतून किती वीज वाहते एवढेंच. ती पंधरा अँपियरच वाहत होती, तेव्हां त्यानें पडावें तरी कां?

लांब एक्स्टेन्शन वायरीचा हिशेबही असाच आहे. ओसरीपासून शंभर फुटांवर गाडी आहे असें समजा. जाऊन येऊन तारेची लांबी सुमारें साठ मीटर झाली. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेंत तेवढ्या लांबींत सोळा-सतरा व्होल्ट गळतात व अडीचशें वॅट निव्वळ तार तापविण्यांत जातात. चार चौरस मिलिमीटरची तार घातली तर चार व्होल्ट व साठ वॅटांवर काम भागतें. पहिली वायर जर रिळावर गुंडाळलेलीच ठेविली तर ती उष्णता बाहेर पडत नाहीं, आणि रिळाचा गोळा होतो. म्हणून मोटारीकरितां एक्स्टेन्शन वापरूंच नये. मीटरच्या पाटीपासून मोटारीच्या जागेपर्यंत चार चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी तार, तिच्या टोंकास चांगल्या प्रतीचें सोळा अँपियरचें सॉकेट, व आरंभीं तिचा स्वतंत्र एमसीबी, एवढें असावयासच पाहिजे. त्या तारेवर दुसरें कांहीं जोडूं नये. भरणा सुरू केल्यावर अर्ध्या तासानें प्लगास हात लावून पाहावा. कोमट लागला तर चालेल. चटका बसला तर बंद करून वायरमनास बोलवावें. नवीन जोडणी झाल्यावर पहिले आठ दिवस हें रोज करावें, पुढें महिन्यांतून एकदां.

ही आगीची गोष्ट झाली. परंतु त्या सॉकेटाची तपासणी करतांना जें दुसरें उघडकीस आलें, तें आम्हांस अधिक भयंकर वाटलें. मोटारीबरोबर जी भरण्याची पेटी मिळते, ती वीज सोडण्यापूर्वीं अर्थ म्हणजे जमिनीची जोडणी आहे कीं नाहीं हें पाहते. नसल्यास तांबडा दिवा लागतो व मोटार भरत नाहीं. आमच्या गोठ्यांत अर्थ नव्हता. पहिल्या दिवशीं तांबडा दिवा लागला तेव्हां वायरमनानें सॉकेट उघडून 'आतां झालें' असें सांगितलें व दिवा हिरवा झाला. त्यानें काय केलें, तर सॉकेटांतील न्यूट्रलची व अर्थाची पिन एका तुकड्यानें जोडून टाकिली होती. पेटी फसली; आम्हीही फसलों. हा प्रकार आमच्याच घरीं झाला असें नाहीं. त्यानंतर शेजारच्या दोन गांवीं आम्ही विचारपूस केली, तेथेंही अशीच 'युक्ति' केलेली आढळली.

या युक्तींत मृत्यु कसा दडला आहे तें नीट समजून घ्यावें. जोंवर न्यूट्रलची तार सलग आहे तोंवर कांहीं बिघडत नाहीं. पण वाऱ्यानें खांबावर न्यूट्रल तुटली, किंवा घरांतील न्यूट्रलचा सांधा सुटला, कीं फेजची वीज घरांतल्या दिव्यांतून, पंख्यांतून न्यूट्रलवर येते. तिला परत जावयास वाट नसते. मग ती त्या तुकड्यानें अर्थाच्या पिनेवर व तेथून मोटारीच्या लोखंडी अंगावर येऊन उभी राहते. मोटार रबरी चाकांवर असल्यामुळें वीज जमिनींत उतरत नाहीं. मग पावसांत अनवाणी आलेला मनुष्य दाराच्या मुठीस हात घालतो, किंवा ओलें जनावर अंग घासतें. यांत मोटारीचा दोष कांहीं नाहीं. तिनें तांबडा दिवा लावून सांगितलेलेंच होतें.

तेव्हां तांबडा दिवा लागला असतां एकच उपाय : खरा अर्थ करणें. घराजवळ ओल राहील अशा ठिकाणीं, मोरीच्या किंवा नळाच्या पाण्याच्या बाजूस, खड्डा घेऊन पाइपाचा किंवा पत्र्याचा अर्थ बसवावा. भोंवतीं कोळसा व मीठ भरण्याची रीत सर्वांस ठाऊक आहेच. मुरमाड जमिनींत एकानें भागत नाहीं, दोन किंवा तीन करून एकत्र जोडावे लागतात. उन्हाळ्यांत खड्डा वाळतो व मार्गशीर्षांत चांगला असलेला अर्थ वैशाखांत निकामी होतो. म्हणून आठवड्यास एक-दोन बादल्या पाणी त्यांत ओतीत जावें.

गांवोगांव अर्थ तपासण्याची रीत म्हणजे फेज व अर्थ यांमध्यें शंभराचा दिवा लावून पाहणें. दिवा लख्ख लागला कीं अर्थ उत्तम, असा समज आहे, व आम्हीही तोच धरून होतों. तो पुरा खरा नाहीं. शंभराचा दिवा अर्धा अँपियरही घेत नाहीं. अर्थाचा विरोध पन्नास ओहम असला तरी त्यास दोनशेंहून अधिक व्होल्ट मिळतात, आणि डोळ्यांस फरक दिसत नाहीं. परंतु याच पन्नास ओहमांच्या अर्थावर फेजची तार मोटारीच्या अंगास लागली तर जेमतेम साडेचार अँपियर वाहतात. सोळाचा एमसीबी पडत नाहीं, व अंगावरची वीज तशीच राहते. दिव्यावरून अर्थ आहे एवढेंच कळतें. तो किती चांगला आहे हें अर्थ मोजण्याच्या यंत्रावांचून कळत नाहीं. पांच ओहमांच्या आंत आला तर समाधान मानावें. तालुक्याच्या ठिकाणीं परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडे तें यंत्र असतें. त्यास एकदां आणावा, व त्यानें मोजलेला आंकडा कागदावर लिहून घ्यावा.

याच्या जोडीस आरसीसीबी नांवाचें उपकरण लागतें. जितकी वीज फेजनें गेली तितकी न्यूट्रलनें परत आली कीं नाहीं हें तें पाहतें, व तीस मिलिअँपियरचा फरक पडतांच, म्हणजे वीज कोणाच्या अंगांतून जमिनींत जाऊं लागतांच, क्षणांत तोडतें. मोटारीकरितां तें 'ए' जातीचें घ्यावें, कारण मोटारीच्या यंत्रांतून एकदिश विजेचा अंश येऊं शकतो व साधें 'एसी' जातीचें उपकरण त्यानें आंधळें होतें. त्यावर 'टी' अक्षराचें बटण असतें. तें महिन्याच्या पहिल्या तारखेस दाबून पाहावें. पडलें नाहीं तर बदलावें. ज्याच्या घरीं न्यूट्रल व अर्थ कोठेंतरी चुकीनें एक झाले आहेत त्याच्याकडे हें उपकरण वारंवार पडतें, व लोक कंटाळून काढून टाकतात. पडण्याचें कारण शोधावें, उपकरण काढूं नये.

जनित्रावर किंवा स्वस्तांतल्या इन्व्हर्टरवर मोटार भरावयास गेल्यास पुष्कळदां तोच तांबडा दिवा लागतो. तेथेंही युक्ति करूं नये. तसेंच शेतींतील तीन फेजांच्या पेटींतून घाईनें जोड घेतांना फेज व न्यूट्रल यांऐवजीं दोन फेजा हातीं लागल्या तर मोटारीच्या भरणयंत्रावर चारशें व्होल्ट जातात. ती दुरुस्ती महाग असते व हमींत बसत नाहीं.

शेतपंपाचा विषय निघालाच आहे म्हणून एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवितों. पंपाची वीज सवलतीच्या दराची, विहीरही गाडीच्या वाटेवरच, तेव्हां तेथेंच मोटार भरावी असें पुष्कळांच्या मनांत येतें. विद्युत् अधिनियम २००३, कलम १२६ अन्वयें ज्या कामाकरितां जोडणी मंजूर आहे त्याहून दुसऱ्या कामास वीज वापरणें हा अनधिकृत वापर होय, व त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. वापर केव्हांपासून चालू होता हें ठरवितां आलें नाहीं तर तपासणीपूर्वींच्या बारा महिन्यांची धरली जाते. आम्हीं महसूल खात्यांत आकारणीचे कागद पुष्कळ लिहिले आहेत. असा कागद एकदां निघाल्यावर तो रद्द करून घेण्यांत जोडे झिजतात. उलटपक्षीं घरच्या जोडणीवर आपली मोटार भरण्यास कांहींच आडकाठी नाहीं. केंद्र सरकारच्या वीज मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हें स्पष्ट म्हटलें आहे. मात्र घरचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असल्यास वाढवून घेण्याचा अर्ज आधीं करावा.

गाडी उभी करण्याची जागा कडबा, गवत, कापूस, बारदान व खतें यांपासून दूर असावी. जळिताचे पंचनामे लिहितांना आम्हीं पाहिलें कीं, आग कशानें लागली याच्यापेक्षां ती लागली तेथें शेजारीं काय होतें, यावरच नुकसानीचा आंकडा ठरतो. आम्हीं आमची गाडी गोठ्यांतून काढून घराच्या उत्तरेस कडुनिंबाखालीं नेली आहे. सॉकेटावर पत्र्याची झाकणपेटी केली आहे.

आतां खुद्द बॅटरीविषयीं. ती जुन्या शिशाच्या बॅटरीसारखी नव्हे. पाणी घालावयाचें नाहीं, आणि पूर्ण उतरवून पूर्ण भरण्याचा जुना शिरस्ता हिला उलट बाधतो. लिथियमची बॅटरी अगदीं पूर्ण भरलेली व अगदीं रिती या दोन्ही टोंकांस कष्टी असते. कारखानदारांसही हें ठाऊक असतें. वर सांगितलेल्या व्होल्ट मोटारीची बॅटरी १६ युनिटांची होती, परंतु गाडी तींतून सुमारें साडेदहा युनिटेंच वापरूं देत असे. वर व खालीं जागा मुद्दाम सोडलेली होती. अलीकडच्या मोटारींत इतकी जागा सोडलेली नसते, म्हणून ती आपणच सोडावी. रोजच्या वापरास ऐंशी टक्के भरावी, वीस टक्क्यांखालीं वारंवार उतरूं देऊं नये, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीं मात्र शंभर टक्के खुशाल भरावी. तीस युनिटांची बॅटरी वीसवरून ऐंशी टक्क्यांवर नेण्यास अठरा युनिटें लागतात. मधली गळती धरून मीटरवर वीस-एकवीस पडतात व सहा-सात तास जातात. रात्रीं जेवणानंतर लावावी, पहांटे काढावी.

याला एक अपवाद आहे. बॅटऱ्यांचे मुख्य दोन प्रकार : एकांत निकेल, मँगनीज व कोबाल्ट असतात, दुसऱ्यांत लोह व फॉस्फेट. दुसरा प्रकार अमेरिकेंत प्राध्यापक गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेंत १९९६-९७ च्या सुमारास निघाला. लिथियम बॅटरीच्या कामाबद्दल त्यांस २०१९ चें नोबेल पारितोषिक दोघांसह मिळालें. लोह-फॉस्फेटची बॅटरी अधिक थंड डोक्याची व दीर्घायुषी असते, परंतु तिचा दाब भरलेली असतां व अर्धी असतां जवळ जवळ सारखाच राहतो, त्यामुळें किती शिल्लक आहे याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकतो. म्हणून कारखानदार अशी बॅटरी मधून मधून, बहुधा आठवड्यास एकदां, शंभर टक्के भरावयास सांगतात. आपल्या गाडींत कोणती आहे हें पुस्तकांत पाहावें, व पुस्तक सांगेल तें प्रमाण मानावें.

बॅटरीचा खरा शत्रु उष्णता. विदर्भांत वैशाखांत पारा पंचेचाळिसावर जातो. अशा दिवसांत पत्र्याच्या शेडखालीं शंभर टक्के भरलेली गाडी चार दिवस उभी ठेवणें याहून तिचें आयुष्य कमी करण्याचा दुसरा सोपा मार्ग नाहीं. सावलींत उभी करावी, उन्हांतून आल्यावर तास-दोन तास निवूं द्यावी, व मग भरणा लावावा. बाजारांतील जलद भरणयंत्राचा उपयोग प्रवासांतच करावा. घरीं सावकाश भरणें बॅटरीस मानवतें.

महिना दोन महिने गाडी उभी राहावयाची असेल तर बॅटरी निम्म्यावर ठेवावी व महिन्यानें एकदां पाहावी. मोठ्या बॅटरीबरोबर बारा व्होल्टांची एक लहान बॅटरीही असते, तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाहीं. प्लग-इन हायब्रिडवाल्यानें आणखी एक ध्यानांत ठेवावें. रोजचें काम विजेवरच भागत असल्यामुळें पेट्रोल टांकींत महिनोन् महिने शिळें होतें व एंजिन कोरडें राहतें. व्होल्ट मोटार सहा आठवड्यांत एंजिन चाललें नाहीं तर तें आपोआप थोडा वेळ चालवीत असे. आपल्या गाडींत तशी सोय असो वा नसो, महिन्यांतून एकदां दहा-वीस मैल पेट्रोलवर न्यावी व टांकी काठोकाठ भरून ठेवूं नये. शिवाय या गाडीची बॅटरी लहान, रोज भरते रोज उतरते, म्हणून ऊष्ण दिवसांत तिला जपणें अधिकच अगत्याचें.

धान्याच्या कोठाराजवळ गाडी असल्यास उंदीर वायरी कुरतडतात. नारिंगी वेष्टणाच्या ज्या जाड तारा दिसतात त्यांत शेंकडों व्होल्ट असतात. त्या कुरतडलेल्या दिसल्या तर आपण किंवा गांवच्या मिस्तरीनें हात लावूं नये.

राहिली पुराची गोष्ट. २०१९ सालीं सांगली-कोल्हापुरास व २०२१ सालीं चिपळुणास जें पाणी आलें तें आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं स्वतः पाहिलें आहे. पुराचा इशारा मिळतांच भरणा बंद करून प्लग काढावा व गाडी उंचावर न्यावी. पाण्यांत बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर सुकली म्हणून चालू करूं नये, व भरावयास तर मुळींच लावूं नये. अमेरिकेंत ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळांत नेवार्कच्या बंदरांत समुद्राचें पाणी शिरून फिस्कर कंपनीच्या सोळा प्लग-इन हायब्रिड मोटारी जळाल्या. कंपनीच्या तपासांत निघालें तें असें कीं, आग मोठ्या बॅटरीनें लागली नव्हती. एका गाडीच्या लहान नियंत्रक पेटींत खाऱ्या पाण्यानें गंज चढून बारा व्होल्टांच्या विजेनेंच ठिणगी पडली, व वाऱ्यानें ती पसरली. ठोकर बसलेल्या गाडीचेंही तसेंच. २०११ च्या मे महिन्यांत व्होल्ट मोटारीची खांबावर आदळून सरकारी चांचणी झाली. गाडी आवारांत उभी होती, आणि तीन आठवड्यांनीं तिनें पेट घेतला.

तेव्हां बुडालेली अगर ठोकरलेली गाडी घरापासून, गोठ्यापासून व दुसऱ्या वाहनांपासून निदान पन्नास फूट दूर उघड्यावर ठेवावी, व कंपनीच्या माणसानें तपासल्याशिवाय हलवूं नये. बॅटरींतून धूर, गोडसर वास किंवा फुसफुस आवाज येऊं लागला तर माणसें व जनावरें वाऱ्याच्या उलट बाजूस न्यावींत, मुख्य बटण पाडावें, आणि १०१ किंवा ११२ वर कळवितांना गाडी विजेची आहे हें प्रथम सांगावें. अशी आग विझविण्यास पाण्याच्या एक-दोन बादल्या पुरत नाहींत, व वरून विझलेली दिसली तरी कांहीं तासांनीं पुन्हां पेटते. त्या रात्रीं गाडीजवळ राखण ठेवावी लागते, तीही दुरूनच.